पाचावर धारण

दोनशे चाळीस दुर्बिणी. अंधारात दिसणाऱ्या.
एका सरकारने विकलेल्या, दुसऱ्याने घेतलेल्या,
आणि मोजणारी मी, गुहागरची,
तिसऱ्याच सरकारचा पासपोर्ट
कंपनीच्या तिजोरीत ठेवून.
आईला सांगितलंय, चष्म्यांच्या गोदामात आहे.
अगदीच खोटं नाही.

सित्राच्या पुलाअलीकडे हे गोदाम.
बाहेर शेहेचाळीस अंश, आत एकवीस.
भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून हा गारवा,
आम्ही त्यावर फुकट जगतो.

आमच्याकडे म्हैस विकली
की दावं ठेवून घेतात, म्हैस जाते.
इथे म्हैस देतात
आणि दाव्याचं टोक हातातून सोडत नाहीत.
दरसाल येऊन बघतात:
आहे ना? बांधलेली आहे ना?
दुसऱ्याच्या गोठ्यात तर नाही ना दिलीत?
यंदा आल्या हॅस्केटबाई,
पांढरी सुती टोपी, तीन रंगांची पेनं.
घेणाऱ्यांकडून नकीब जासिम,
ज्यांना ‘प’ म्हणता येत नाही,
म्हणून मी तिथे बालशेतकर.

रात्री दोनपर्यंत मोजलं.
दोनशे एकोणचाळीस जुळल्या.
यादीतली ७१३५ गोदामात नाही,
गोदामातली ७१३० यादीत नाही.

हॅस्केटबाईंनी लाल पेन काढलं.
नकीब एकदम अरबीत बोलू लागले, फोनवर, पाठ करून.
पेटी उघडून बघावी म्हणाल तर तिला सील,
सील तोडायला दोन सरकारांच्या दोन सह्या,
आणि सह्या करणारे दोघेही रजेवर.
चार दिवस गोदामात कुणी चहा मागवला नाही.
बदलली असेल, विकली असेल, कुणी असेल आतलंच:
हे कुणी बोललं नाही,
पण माझ्या डेस्कच्या किल्ल्या
त्यांनी फार अदबीने मागून घेतल्या.

माझी पाचावर धारण बसली.

चौथ्या रात्री अंडी आणायला कोल्ड स्टोअरमध्ये गेले.
ट्रेवर पुठ्ठ्याचा तुकडा, मार्करने लिहिलेला भाव:
एक गोल, पुढे दोन ठिपके.
पाचशे फिल्स.
मी तिथेच उभी, फ्रिजचं दार उघडं टाकून.
दुकानदार कुंजुमोन म्हणाला, चेची, दरवाजा.

त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल,
त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, वाळूच्या कणाएवढा.
बारा वर्षं झाली, येतात मला हे आकडे,
झोपेतही येतात.
पण त्या रात्री दोन वाजता डोळे
परत गेले असणार पालशेतच्या शाळेत,
जिथे गोल म्हणजे पूज्य
आणि पूज्य म्हणजे काही नाही.
अब्बासने चिठ्ठीवर नीट पाच काढला होता.
मी वाचलं: काही नाही.

सह्या आल्या. सील तुटलं.
धातूच्या पट्टीवर कोरलेलं, ७१३५.
नकीब इतक्या मोठ्याने हसले की अब्बास दचकला.
कडक चहा आला, वेलदोड्याचा, सगळ्यांना.
माझ्या किल्ल्या परत आल्या, बशीत.

मग नियमाप्रमाणे, उघडलेली वस्तू चालते का पाहायची.
विकणाऱ्याने पाहायचं नाही, घेणाऱ्याने पाहायचं नाही,
दोघांच्या डोळ्यांदेखत तिसऱ्याने.
हॅस्केटबाई म्हणाल्या, तुम्हीच बघा ना.
अब्बासने दिवे घालवले.

पहिल्यांदाच.
बारा वर्षांत शेकडो पेट्या, फॉर्मवर
‘अंतिम वापर’ या शब्दांपुढे
तेच एक वाक्य किती वेळा टाइप केलं,
आणि भिंगाला डोळा आज लावला.

शेवाळी पाण्याखाली असावेत तसे ते दोघे.
डोळ्यांच्या जागी चमक.
बाईंनी गमतीने हात हलवला,
भलत्याच दिशेला.
नकीब चाचपडत कप शोधत होते.
काय दिसतंय, बालशेतकर?
त्यांना कळत नव्हतं मी कुठे आहे,
आणि दोघांपैकी कुणाकडे बघतेय.

मी उत्तर द्यायला
जरा वेळ घेतला.